पडझड ‘पूर्णतः’ की ‘अंशतः’?

वाचकांचे प्रश्न : घर, जागा आणि परवानग्या

या खेपेला पत्रांचा सूर एकच आहे. कुणाचं घर देवळाला खेटून आहे, कुणी लेण्याखाली जागा घेतलीय, कुणाचं शेत गडाच्या पायथ्याशी. सगळ्यांना घर हवंय, आणि सगळ्यांना ग्रामपंचायतीत किंवा तहसिलीत एकच वाक्य ऐकायला मिळालंय, “पुरातत्त्वाचं ना-हरकत आणा.” नगररचना खात्यात एकतीस वर्षं काढून मी निवृत्त झाले. या विषयात मी स्वतः एकदा जबर चूक केलेली आहे, ती पहिल्या उत्तरात सांगते. ते उत्तर लांबलंय, त्याला इलाज नाही.

प्रश्न : आमचं गाव खिद्रापूर, ता. शिरोळ. कोपेश्वराच्या देवळापासून आमचं घर हाकेच्या अंतरावर आहे. आजोबांच्या वेळचं, दगड-मातीचं, वर कौलं. २०१९च्या पुरात ते पाण्यात होतं, २०२१ला परत पाणी शिरलं. गेल्या पावसाळ्यात मागची भिंत बसली आणि निम्मं छप्पर खाली आलं. मुलाचं लग्न ठरतंय. सगळं पाडून तिथंच स्लॅबचं घर बांधावं, वर दोन खोल्या काढाव्यात असा विचार आहे. घरकुलही मंजूर झालंय. जागा आमची, घरपट्टी आम्ही भरतो, मग पुरातत्त्वाचा संबंध काय? आणि परवानगी मिळेल का?

उत्तर : दादा, बाकीचं नंतर वाचा, आधी एवढं करा : पाडू नका. जेसीबीवाल्याला सांगून ठेवलं असेल तर फोन करून थांबवा. उरलेल्या भिंतींवर आणि उघड्या पडलेल्या वाशांवर ताडपत्री टाका आणि चारही बाजूंनी फोटो काढा.

आता कारण. कोपेश्वर हे राष्ट्रीय महत्त्वाचं संरक्षित स्मारक आहे, म्हणजे ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात. अशा स्मारकांना १९५८चा केंद्रीय कायदा लागू होतो आणि २०१०मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून चहूबाजूंना १०० मीटर हे प्रतिबंधित क्षेत्र. त्याच्या बाहेर आणखी २०० मीटर ते विनियमित क्षेत्र. घरपट्टी कोण भरतं, जागा कुणाच्या नावावर आहे, याच्याशी त्या मीटरांना देणंघेणं नाही. हाकेच्या अंतरावर म्हणता त्याअर्थी तुम्ही पहिल्या शंभरात आहात असं धरून लिहिते.

या कायद्यात तीन शब्द आहेत आणि तुमच्या घराचं नशीब त्या तीन शब्दांत अडकलंय. ‘बांधकाम’ म्हणजे नवी इमारत, किंवा असलेल्या इमारतीत वर किंवा आडवी केलेली वाढ. ‘पुनर्बांधकाम’ म्हणजे होती तेवढ्याच लांबी-रुंदी-उंचीत पुन्हा उभी केलेली इमारत. आणि ‘दुरुस्ती व नूतनीकरण’ म्हणजे उभ्या असलेल्या इमारतीत केलेले बदल. या तिसऱ्या शब्दात पहिले दोन येत नाहीत. बाहेरच्या दोनशे मीटरांत या तिन्हींसाठी अर्ज करता येतो. आतल्या शंभरात फक्त तिसऱ्यासाठी. तेही घर १६ जून १९९२च्या आधीचं असेल, किंवा नंतर पुरातत्त्व महासंचालकांच्या मंजुरीनं बांधलेलं असेल तरच.

म्हणजे तुमच्या मनातल्या दोन वरच्या खोल्या मिळणार नाहीत. पाडून स्लॅबचं घर, तेही मिळणार नाही. पण पडलेली भिंत त्याच पायावर चढवणं, छप्पर बदलणं, यासाठी अर्ज करता येईल. अट एकच, दुरुस्त करायला घर शिल्लक पाहिजे. घर जमीनदोस्त केलंत की ती रिकामी जागा झाली, आणि शंभर मीटरांतल्या रिकाम्या जागेवर कुणालाच काही बांधता येत नाही.

माझी चूक इथेच झाली. माझ्या मावशीचं घर असंच एका जुन्या देवळामागे होतं. गावाचं नाव लिहीत नाही, भाऊबंद अजून नीट बोलत नाहीत. कायदा मार्च २०१०चा आणि ही गोष्ट त्याच दिवाळीतली. मावसभावानं विचारलं, “तू खात्यात आहेस, काय करू?” मी परिपत्रक वाचलेलं नव्हतं. गावठाणातलं घर म्हणजे ग्रामपंचायतीचा विषय, एवढंच तेव्हा डोक्यात. मी म्हटलं, “पाडून घे, मोकळ्या जागेचा नकाशा काढायला सोपा जातो.” चार दिवसांत घर उतरवलं. सागवानी तुळया, कडीपाट, चौकटी सगळं परसात रचून ठेवलं. मग अर्ज गेला आणि उत्तर आलं : जागेवर इमारत नाही, सबब दुरुस्तीचा प्रश्न उद्भवत नाही. मावशी एसटी स्टँडमागच्या भाड्याच्या खोलीत गेली ती गेलीच. तुळया दोन पावसाळे ताडपत्रीखाली काढून पुण्याच्या एका हॉटेलवाल्याला विकल्या. त्याला ‘वाडा लूक’ हवा होता.

त्यानंतर मी कुणालाही पाडा म्हटलेलं नाही.

तुमच्याकडे परत येते. पडझडीचा पंचनामा झालाय का आणि त्यात काय लिहिलंय, हे आधी बघा. नुकसानभरपाई जास्त मिळते म्हणून घर ‘पूर्णतः’ पडलं असं लिहून घ्यायची सगळीकडे धडपड असते. पाण्यातून उठलेल्या माणसानं पैशाकडे बघितलं तर त्याला नावं कशी ठेवणार? पण तोच कागद उद्या तुमच्या दुरुस्तीच्या अर्जाला जोडला जाणार. सरकारी कागदावर घर पूर्णतः नष्ट झालेलं, आणि अर्जात तुम्ही त्याची दुरुस्ती मागताय! पाहणीला येणारा माणूस पहिलं बोट तिथंच ठेवेल. तुमच्या पत्राप्रमाणे तीन भिंती आणि निम्मं छप्पर उभं आहे, म्हणजे पडझड अंशतः आहे. खरं तेच लिहिलेलं असू द्या. चुकीचं लिहिलं गेलं असेल तर फोटो जोडून फेरपंचनाम्यासाठी तहसीलदारांकडे लेखी अर्ज करा. भरपाईतला फरक सोसावा लागेल, हे कळतं. पण तो फरक एकदाचा, घर पिढ्यांचं.

घर १९९२च्या आधीचं असल्याचा पुरावा लागेल. ग्रामपंचायतीचा जुना नमुना आठ, म्हणजे घरपट्टीच्या आकारणीची नोंदवही, सगळ्यात चांगला. पुरात दप्तर भिजून लगदा झालं असं उत्तर मिळालं, तर घरपट्टीच्या जुन्या पावत्या, वीजजोडणीचा कागद, गावठाण भूमापनाचा नकाशा, जुन्या मतदार यादीतला घर क्रमांक, जे सापडेल ते गोळा करा. ड्रोन मोजणीची सनद मिळाली असेल तर तीही जोडा, पण ती आजची हद्द सांगते, १९९२ची नाही. एका गृहस्थांकडे यातलं काहीच नव्हतं. त्यांच्या बहिणीच्या लग्नाचा १९८७चा फोटो निघाला. मांडवामागे दाराची चौकट, चौकटीवरची गणेशपट्टी आणि वर आढ्यापर्यंतची भिंत. आम्ही त्याच जागी उभं राहून आजचा फोटो काढला आणि दोन्ही शेजारी शेजारी लावून जोडले. एकट्या फोटोवर भागलं नसतं, पण बाकीच्या किरकोळ कागदांना त्यानं जोर आला.

मग नकाशा. तुमच्या तालुक्यातल्या आर्किटेक्टला किंवा परवानाधारक अभियंत्याला दोन नकाशे काढायला सांगा, एक आहे तसा आणि एक दुरुस्तीनंतरचा. दोन्हींत बाहेरची मापं अगदी तीच हवीत. जोत्याची उंची, भिंतीची जाडी, वळचणीची उंची, आढ्याची उंची. ही मापं आत्ताच, छप्पराचा उरलेला भाग उभा आहे तोवर, टेप लावून घ्या. आढं खाली आल्यावर ते किती उंच होतं हे तुम्ही सांगाल ते कुणी मानणार नाही. पुरामुळे जोतं उंच करायचा मोह होईल. ती उंची वाढ धरली जाऊ शकते. म्हणून गुपचूप वाढवू नका, हवी असेल तर अर्जात उघड मागा आणि कारण लिहा.

अर्ज ऑनलाइन जातो, सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे या कायद्याखाली परवानगी द्यायला नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. कायद्यानं त्यांनी तो पंधरा दिवसांत दिल्लीच्या राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे धाडायचा, प्राधिकरणानं दोन महिन्यांत शिफारस कळवायची, आणि त्यानंतर महिन्याभरात सक्षम प्राधिकाऱ्यानं हो किंवा नाही म्हणायचं. कागदावर साडेतीन महिने. मधे त्रुटीचं पत्र आलं की घड्याळ आपलंच थांबतं, म्हणून कागद आधीच पुरे ठेवा. लग्नाची तारीख या हिशेबानं धरा. नाहीतर लग्न करून टाका आणि सूनबाईंना खरं काय ते सांगा.

घरकुलाचं. पहिला हप्ता जमा झाला असेल तर त्याला हात लावू नका. त्या जागेवर नवं घर उभं राहू शकत नाही, हे गटविकास अधिकाऱ्यांना लेखी कळवा आणि दुसऱ्या जागेवर घरकुल घेता येईल का हे विचारा. जोत्यापर्यंत काम आणून थांबलेली घरकुलं मी पाहिली आहेत. पैसे अडकतात, आणि वर कायद्याची नोटीस. मळ्यातली जागा सुचवणार असाल तर पूररेषा आधी बघा. निळ्या रेषेच्या, म्हणजे वारंवार पूर येणाऱ्या पट्ट्याच्या हद्दीच्या, आत साधारणपणे नवं घर मिळत नाही. देवळाचे मीटर आणि नदीची रेषा, दोन्हींच्या बाहेरचा तुकडा तुमच्याकडे आहे का, हे भूमी अभिलेखच्या मोजणीशिवाय कळायचं नाही. मोजणी करून तिची ‘क’ प्रत हातात ठेवा. मुलाच्या खोल्या तिथे होतील.

राहता राहिला तुमचा सवाल, पुरातत्त्वाचा संबंध काय. दादा, तुम्ही लहानपणापासून स्वर्गमंडपात बसलायत. अठ्ठेचाळीस खांब, वर छताला गोल मोकळं आभाळ. त्या दगडांभोवती चारी बाजूंनी तीन मजली स्लॅब आणि त्यावर काळ्या टाक्या उभ्या राहिल्या, तर ते तुम्हालाही बघवणार नाही. तरीही तुमची तक्रार निम्मी खरी आहे असं माझं मत आहे, आणि नोकरीत असताना ते लिहिता येत नव्हतं. ताजमहाल असो की गावातलं लहान देऊळ, अंतर तेच, शंभर आणि दोनशे. प्रत्येक स्मारकाची स्वतंत्र वारसा उपविधी व्हावी, त्यात उंची किती, छप्पर कसं, हे त्या त्या जागेप्रमाणे ठरावं, असं त्याच कायद्यात लिहिलेलं आहे. तशा उपविधी झालेली स्मारकं थोडी. ते काम रेंगाळलंय आणि गावकरी मीटरपट्टीखाली राहतायत. मात्र “कायदा बदलणार आहे, तोवर थांबा” असं सांगणाऱ्यांवर विसंबू नका. २०१८च्या जानेवारीत लोकसभेत एक दुरुस्ती मंजूर झाली होती, तीही सरकारी सार्वजनिक कामांना शंभर मीटरांत वाट देण्यापुरती. तुमच्या-माझ्या घराचं त्यात नाव नव्हतं.

आणि एक सल्ला न विचारता. परवानगी आल्यावर मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मारू नका. पुराचं पाणी शोषलेली भिंत आतून वाळायला बघते, सिमेंट तिचं तोंड बंद करतं, आणि दोन-चार वर्षांत पापुद्रे सुटून भिंत आतून भुसभुशीत होते. चुन्याचा गिलावा करणारा गवंडी शोधा. मिळतो, जरा महाग पडतो.

प्रश्न : मी ठाण्यात आयटी कंपनीत आहे. मळवलीजवळ, भाजे लेण्यांच्या बाजूला पाच गुंठे जागा घेतली आहे. एजंट म्हणाला, “गावठाणापासून दोनशे मीटरच्या आत आहे, एनएची कटकट नाही, ग्रामपंचायतीच्या पातळीवर काम होतं.” आता शेजारचा शेतकरी सांगतो की इथे दोनशे मीटरमध्ये बांधायला बंदी आहे. खरं कोण बोलतंय? आम्हाला छोटं वीकेंड होम हवं आहे.

उत्तर : गंमत अशी की दोघंही साधारण खरंच बोलतायत. दोनशे मीटर दोन आहेत.

एजंटचे दोनशे मीटर महसूल संहितेतले. २०१७च्या सुमारास कलम ४२-ड आलं. गावठाणाच्या हद्दीपासून दोनशे मीटरांच्या आतली जमीन प्रादेशिक योजनेत विकासयोग्य विभागात असेल, तर ती बिनशेती झाली असं मानायचं आणि रूपांतरणाचा कर वगैरे भरायचा. शेतकऱ्याचे मीटर स्मारकाच्या कायद्यातले, वरच्या उत्तरात आहेत ते. भाजे लेणी केंद्र संरक्षित. पहिला दोनशे मीटर ‘बांधायला सोपं’ म्हणतो, दुसरा ‘विचारल्याशिवाय नाही’ म्हणतो, आणि तुमचा प्लॉट दोन्हींत एकाच वेळी बसू शकतो. एनएची सवलत मिळाली म्हणून पुरातत्त्वाची परवानगी माफ होत नाही. लहान भूखंडावरच्या घरांना नगररचनेच्या परवानगीतून जी सूट आहे, तिचंही तसंच. एजंट खोटं बोलला नाही, त्यानं दुसऱ्या पट्टीनं मोजलेलं अंतर तुमच्या डोक्यावरून नेलं. पाच गुंठ्यांचं खरेदीखत कसं झालं हाही एक प्रश्न आहे, तो वकिलाला दाखवा; मी इथे शिरत नाही.

अंतर मोजताना बहुतेक जण एक चूक करतात. लेण्याच्या पायरीपासून किंवा चैत्याच्या कमानीपासून मोबाइलवर रेघ ओढतात आणि “एकशे चाळीस मीटर आलं!” म्हणून खूश होतात. मोजायचं असतं संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून. ती हद्द अधिसूचनेत ज्या सर्व्हे नंबरचा जेवढा भाग दिलाय त्याची, आणि लेण्यांच्या बाबतीत ती कोरीव कामाच्या बरीच पुढे आलेली असू शकते. इस्रोच्या मदतीनं केलेलं मोबाइल ॲप आहे, जागेवर उभं राहून अंदाज घ्यायला ते ठीक. निर्णय मात्र मोजणीवर आणि पुरातत्त्वाच्या स्थळपाहणीवर होतो.

शंभराच्या आत निघालात तर घर विसरा, झाडं लावा. प्लॉट अर्धा आत अर्धा बाहेर असेल तर घर बाहेरच्या अर्ध्यात सरकवून अर्ज करा. पूर्ण तीनशेच्या पलीकडे असाल तर या कायद्याचा संबंध संपला, पुढे नेहमीच्या परवानग्या. न विचारता बांधलंत तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. एजंट तेव्हा फोन उचलत नाही.

समजा तुम्ही शंभर ते तीनशेच्या पट्ट्यात आहात, तर मुख्य भांडण उंचीचं. मागच्या वर्षी एक तरुण आर्किटेक्ट असाच एक नकाशा घेऊन माझ्याकडे आला होता. देखणं घर. उतरतं छप्पर, कौलं, काळ्या दगडाचं जोतं, सगळं परिसराला धरून. मी विचारलं, “पाणी कुठं साठवणार?” तो म्हणाला, “ते काय, वर टाकी बसेल.” कौलांच्या मागे त्यानं स्लॅबचा एक तुकडा ठेवला होता, त्यावर जिन्याची टोपी आणि टोपीवर हजार लिटरची टाकी. नकाशावर लिहिलेली उंची होती आढ्यापर्यंतची. परवानगीत उंची मोजतात ती कठडा, जिन्याची टोपी, पाण्याची टाकी असं सगळ्यात वरचं जे काही असेल तिथपर्यंत. त्याचं घर कागदावर होतं त्याहून जवळजवळ तीन मीटर उंच होतं आणि त्याला ते ठाऊकच नव्हतं. शेवटी टाकी जमिनीवर घराच्या मागे, वर एक दाबाचा पंप. स्लॅबचा तुकडा गेला, जिना गेला, आणि घर आणखी चांगलं दिसायला लागलं.

तुम्ही एक करा. एखाद्या सकाळी वर लेण्यात जा, बाहेर तोंड करून उभे राहा आणि तुमचा प्लॉट दिसतो का बघा. दिसत असेल तर तिथून फोटो काढा आणि त्यावर घराची रेघ ओढा. तोच फोटो अर्जाला जोडा. तुमच्या घराबद्दल सरकारला काय वाटेल हे तुम्हालाच तिथं कळेल. मोठ्या काचा, निळी पत्र्याची शेड, पांढराशुभ्र रंग, दरीतून हे सगळं किती लांबून चमकतं ते बघितल्यावर माणूस आपणहून मातकट रंगावर येतो.

प्रश्न : राजगडच्या पायथ्याशी आमची वडिलोपार्जित शेती आहे. गड जागतिक वारसा झाला. आता युनेस्को आम्हाला घर बांधू देणार नाही, जमिनी काढून घेतील, असं गावात बोललं जातंय. मुलासाठी शेजारी घर बांधायचंय.

उत्तर : युनेस्को कुणाच्या घराला परवानगी देत नाही की नाकारत नाही, आणि सातबाऱ्यावर तिचं नाव चढत नाही. जुलै २०२५मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची नोंद जागतिक वारसा यादीत झाली, अकरा आपल्याकडचे आणि तमिळनाडूतली जिंजी. त्यांची राखण इथल्याच कायद्यांनी करायची असते. त्या बारांतले आठ केंद्राच्या ताब्यात. साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड हे चार राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. म्हणून रायगडाखालच्या माणसाला जे शंभर-दोनशे मीटर लागू होतात, ते केंद्रीय कायद्याचे मीटर तुम्हाला तसेच्या तसे लागू नाहीत. राज्याचा १९६०चा वेगळा कायदा आहे.

मात्र वारसा यादीत जाताना गडाभोवती एक बफर क्षेत्र आखून दिलेलं असतं आणि सरकारनं ते सांभाळायचं कबूल केलेलं असतं. तुमचा गट नंबर त्यात येतो का, हे संचालनालयाच्या पुणे विभागात आणि तुमच्या नियोजन प्राधिकरणाकडे लेखी विचारा. तोंडी उत्तर घेऊन परत येऊ नका, आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली प्रत ठेवा. शेतकऱ्याचं स्वतःचं राहतं घर आणि डोंगर कापून टाकलेले शंभर प्लॉट यांत फरक करायची समज अधिकाऱ्यांना असते, निदान बऱ्याच जणांना असते. म्हणून अर्जात स्पष्ट लिहा की घर कुटुंबासाठी आहे, एकमजली आहे, उताराला धरून आहे. उतार कापून सपाटी केलेली दिसली की माझंही मन फिरायचं.

प्रश्न : आमचं घर एका संरक्षित देवळापासून चाळीस मीटरवर, साठ वर्षांपूर्वीचं. सासूबाई ब्याऐंशी वर्षांच्या, खुब्याचं हाड मोडल्यापासून बाहेरच्या सामायिक संडासापर्यंत जाता येत नाही. परसात संडास बांधायला घेतला तर काम थांबवलं. सार्वजनिक शौचालयाला बंदी नाही म्हणे, मग घरच्याला का?

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून राग आला, तो कायद्याच्या शब्दांचा. ‘बांधकाम’ या शब्दाच्या व्याख्येतून सार्वजनिक शौचालयं, मुताऱ्या, गटारं, सार्वजनिक पाणीपुरवठा यांची कामं वगळलेली आहेत. तुमचा संडास सार्वजनिक नाही, आणि परसात नव्या चार भिंती म्हणजे आडवी वाढ झाली. थांबवणाऱ्यानं नियमाप्रमाणेच थांबवलंय.

पण घराच्या आत जागा आहे. साठ वर्षांच्या घरात न्हाणीघर असणारच, बहुतेक स्वयंपाकघराच्या मागच्या कोपऱ्यात, खाली फरशी आणि मोरीचं भोक. त्याच भिंतींच्या आत न्हाणीघराचा अर्धा भाग करून कमोड बसवणं हा असलेल्या घरातला अंतर्गत बदल आहे, म्हणजे दुरुस्ती व नूतनीकरण. घर १९९२च्या आधीचं असल्यानं तुम्ही त्यासाठी अर्ज करू शकता. बाहेरून घर तसूभर बदलणार नाही, हे दोन्ही नकाशांत दिसू द्या. सांडपाणी गावच्या गटाराला जोडता येत असेल तर उत्तम. शोषखड्डा लागणार असेल तर तो कुठे आणि किती खोल हे नकाशावर दाखवून त्याचीही परवानगी त्याच अर्जात मागा. लपवून खणू नका. खणताना घडीव दगड किंवा जुनी खापरं लागली तर हात थांबवा आणि पुरातत्त्वाच्या माणसाला बोलवा. अर्जाला डॉक्टरांचा दाखला जोडा. कायद्यात त्यासाठी रकाना नाही, पण कागद वाचणारी माणसंच असतात.

परवानगी यायला तीन-चार महिने जातील. तोवर खाली भांडं असलेली कमोडची खुर्ची मिळते, तालुक्याच्या औषध दुकानात सांगून ठेवा, कुठं कुठं भाड्यानंही देतात. घेताना पाय रबरी टोप्यांचे आहेत ना आणि हात टेकायला दोन्ही बाजूंना दांडे आहेत ना, ते बघून घ्या. शेणानं सारवलेल्या जमिनीवर साधी खुर्ची सरकते.